थडग्यावरची तीन अक्षरे : मागणे की ग्वाही?

ख्रिस्ती दफनभूमीत कधी पाऊल न टाकलेल्या माणसालाही ही तीन अक्षरे ठाऊक असतात. वर गोल आणि खाली चौकोनी असा दगड काढून त्यावर ‘आर. आय. पी.’ लिहिले, की व्यंगचित्रकाराला आणखी काही सांगावे लागत नाही. कोणी गेल्याची बातमी मोबाइलवर आली, की खालच्या पहिल्या चार-सहा उत्तरांत ती असतातच. अर्थही सगळ्यांना माहीत असतो, निदान तसे वाटते : शांतपणे विसाव. पण हे कोण म्हणतो आहे, कोणाला उद्देशून म्हणतो आहे आणि ते दगडावर कोरून ठेवायची गरज कोणाला पडली, हे विचारले की गाडी अडते.

हे पुस्तक थडग्यांवरच्या लेखांविषयी आहे आणि त्यांतल्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या लेखापासून सुरुवात करणे रास्त होईल. त्याला एवढी जागा देण्याचे आणखीही एक कारण आहे. जगात फार थोड्या वाक्यांच्या नशिबी इतकी भांडणे आली असतील. या वाक्याच्या नात्यागोत्यातल्या शब्दांवर लोकांनी छिन्नी चालवली, पितळी पत्रे उपटले, एका विधवेला कोर्टात खेचले. भांडणाचा मुद्दा दर वेळी एकच होता. थडग्यावरची शांती हे मागणे आहे की ग्वाही? ती मृताला मिळो, असे आपण देवाजवळ मागतो, की ती मिळाली आहे, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो? मागणे असेल, तर मृताचे अजून काही बाकी आहे आणि जिवंतांना त्याच्यासाठी काही करता येते. ग्वाही असेल, तर हिशेब मिटला. जिवंतांनी आपापल्या घरी जावे. या दोन टोकांमधून ही तीन अक्षरे कशी वाट काढत आली, हे पुढच्या काही पानांत सांगायचे आहे.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीही रोमन माणूस थडग्यावर लिहीत होताच. शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला किंवा जाळायला बंदी होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. त्यामुळे थडगी वेशीबाहेर, हमरस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहिली. व्हिया आप्पिया या रस्त्यावर ती आजही दिसतात. रस्त्यावरचे थडगे बोलणार ते वाटसरूशी. थांब, वाच आणि मग पुढे जा, असे ते त्याला सांगते. माथ्यावर डी. आणि एम. ही दोन अक्षरे असत : ‘दिस मानिबुस’, म्हणजे पितर-देवतांना अर्पण. खाली नाव, वय आणि दगड कोणी बसवला ते. शेवटी पुष्कळदा एस. टी. टी. एल. : ‘माती तुला हलकी होवो’. काही थडग्यांवर सात अक्षरांचे एक लघुरूप सापडते. त्याचा अर्थ असा : नव्हतो, होतो, नाही, पर्वा नाही. परलोकाविषयी याहून थोडक्यात कोणी बोलले नसेल. वारंवार येणारी वाक्ये आद्याक्षरांवर भागवण्याची सवय रोमन पाथरवटाची. ख्रिस्ती लोकांनी पुढे वाक्य बदलले, सवय तीच ठेवली.

ही बदलाबदल एका दिवसात झाली नाही. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात लिसिनिया अमियास नावाच्या स्त्रीची स्मृतिशिळा आहे, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या माथ्यावर डी. आणि एम. ही जुन्या देवांची अक्षरे ठसठशीत कोरली आहेत, मध्ये एक पुष्पचक्र. लगेच खाली ग्रीक लिपीत ‘जिवंतांचा मासा’ असे शब्द आणि त्याखाली जहाजाच्या नांगराच्या दोन्ही बाजूंना दोन मासे. मासा ही येशूची सांकेतिक खूण. म्हणजे बाई ख्रिस्ती, पण पाथरवटाकडे तयार असलेला माथा जुन्या धर्माचा, आणि घरच्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. थडग्यांच्या बाबतीत श्रद्धा बदलते तेवढ्या लवकर रिवाज बदलत नाही, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा दिसेल.

ख्रिस्ती थडग्यांचा मोठा साठा मात्र रस्त्याच्या कडेला नव्हता, जमिनीखाली होता. ३१ मे १५७८ रोजी रोमजवळ व्हिया सालारिया या रस्त्यालगत ज्वालामुखीची माती खणताना मजुरांना एक भुयार लागले. भिंतीभर कोनाडे, चित्रे आणि लेख. रोमच्या पोटात मृतांचे दुसरे शहर आहे, हे त्यानंतर लोकांना नव्याने कळले. आंतोनिओ बोसिओने आयुष्य या भुयारांत घालवले आणि एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सीने तिथल्या लेखांचा शास्त्रशुद्ध संग्रह करायला घेतला. त्याचा पहिला खंड १८६१ साली निघाला. ‘शांतीत’ या शब्दाचा जन्म कुठे झाला, हे आज आपण सांगू शकतो ते या लोकांच्या कष्टामुळे.

भुयारातली एक साधी कबर डोळ्यांपुढे आणावी. खडक मऊ, कुदळीने कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. भिंतीत माणसाच्या लांबीचा आडवा कोनाडा. कापडात गुंडाळलेले प्रेत त्यात सरकवायचे आणि तोंड कौलांनी किंवा संगमरवरी फरशीने बंद करून सांधे चुन्याने लिंपायचे. ज्याला संगमरवर परवडत नसे तो ओल्या चुन्यातच टोकदार काडीने नाव ओरखडायचा, किंवा तांबड्या रंगाने लिहायचा. अक्षर न येणाऱ्याने आपली कबर ओळखायची कशी? ओल्या चुन्यात एखादे नाणे, काचेच्या भांड्याचे बूड, शिंपला किंवा मुलाची बाहुली दाबून बसवायची. अशा कबरींवर नावासोबत दुसरे काही असेल, तर पुष्कळदा दोनच शब्द सापडतात : ‘इन पाचे’. शांतीत. त्याला क्रियापद नाही. असलेच तर ‘झोपला आहे’ किंवा ‘ठेवला आहे’.

ही शांती कसली? आज आपण मनःशांती म्हणतो तेवढीच ती नव्हती. रोमन सम्राट डेसियसने २५० च्या सुमारास सर्वांनी रोमन देवांना बली द्यावा असे फर्मान काढले. जे ख्रिस्ती भ्याले आणि बली देऊन मोकळे झाले, त्यांना चर्चने बाहेर ठेवले. ते पश्चात्तापाने परत येऊ लागले तेव्हा त्यांना आत घ्यायचे की नाही, यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतरांत मोठा वाद झाला. या वादात परत आत घेण्याला शब्द होता ‘शांती देणे’. त्या काळातला माणूस ‘शांतीत’ गेला असे कबरीवर लिहिले, तर त्यात देवाशी समेट आला आणि मंडळीशी समेटही आला : हा आमच्यातला होता आणि आमच्यातला म्हणूनच गेला. ग्वाही दिली जात होती ती याचीही.

शब्द मात्र ख्रिस्ती लोकांनी शोधलेला नाही. रोममधल्या ज्यू लोकांची स्वतंत्र भुयारे आहेत आणि त्यांतल्या ग्रीक लेखांत ‘त्याची झोप शांतीत’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य वारंवार येते. गॅलिलीतल्या बेत शेअरीमच्या भव्य दफनगुहांत हिब्रूतला ‘शालोम’ आहे. मरण म्हणजे झोप आणि कबर म्हणजे बिछाना, ही प्रतिमा ज्यू धर्मग्रंथांतून दोघांकडेही आली. ज्यू थडग्यांवर पुढे दुसरे एक वाक्य रूढ झाले : मृताचा आत्मा जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातून घेतलेल्या या वाक्याचीही पाच हिब्रू अक्षरांत आद्याक्षरे झाली. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायली कबरस्तानांत हिब्रू अक्षरांच्या सोबत मराठी मजकूर कोरलेला असतो. त्या दगडांना या पुस्तकात पुढे स्वतंत्र जागा दिली आहे.

भुयारातली ग्वाही मागण्यात कशी बदलली? खरे तर मागणेही आरंभापासून शेजारी उभे होते. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला विधवेच्या कर्तव्यांविषयी लिहितो. ती नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते, त्याला गारवा लाभो असे मागते आणि तो झोपी गेला त्या तिथीला दरवर्षी अर्पण करते, असे त्याचे वर्णन आहे. आपल्याकडच्या वर्षश्राद्धाची आठवण यावी असेच हे आहे. म्हणून ख्रिस्ती लेखांत जन्मतारखेपेक्षा दफनाच्या तारखेला मान आला. दरवर्षी तो दिवस पाळायचा तर तो माहीत हवा. काही लेखांत तर थेट देवालाच विनवणी आहे की याच्या आत्म्याला गारवा दे.

३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली. मला कुठे पुरता याची चिंता करू नका, वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना सांगितले. तिचा मुलगा म्हणजे संत ऑगस्टिन. पुढे एका बिशपने त्याला विचारले की संताच्या कबरीशेजारी पुरल्याने मेलेल्याला काही लाभ होतो का. त्यावर ऑगस्टिनने एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की प्रार्थना मृताच्या उपयोगी पडते. थाटाची अंत्ययात्रा आणि कबरीची निगराणी हा मात्र मुख्यतः जिवंतांचा दिलासा आहे. नियतीचा विनोद म्हणजे, स्वतःच्या कबरीबद्दल इतकी बेफिकीर असलेल्या मोनिकेच्याच समाधिलेखाचा तुकडा १९४५ मध्ये सापडला. ओस्तियातल्या एका चर्चच्या अंगणात मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती, त्यात तो वर आला.

इथे लॅटिन व्याकरणात थोडे शिरावेच लागेल, कारण सारा वाद एका स्वरात साठला आहे. ‘रेक्विएस्कित इन पाचे’ म्हणजे ‘शांतीत विसावला आहे’. ‘रेक्विएस्कात इन पाचे’ म्हणजे ‘शांतीत विसावो’. ‘कित’ असेल तर ग्वाही, ‘कात’ असेल तर मागणे. पाचव्या-सहाव्या शतकांतल्या दगडांवर ‘कित’ मुबलक दिसतो : येथे अमका शांतीत विसावला आहे. मध्ययुगात सरशी झाली ती ‘कात’ची. आणि जेव्हा या वाक्याची आद्याक्षरे झाली, तेव्हा नेमका तो वादाचा स्वरच गळाला. आर., आय., पी. एवढेच दगडावर उरले. मागायचे त्याने मागावे, ग्वाही द्यायची त्याने द्यावी. दगड कोणाच्याच विरुद्ध साक्ष देत नाही. या तीन अक्षरांच्या दीर्घायुष्याचे रहस्य माझ्या मते इथे आहे.

मध्ययुगात मागण्याची सरशी का झाली, तर त्यामागे एक पूर्ण व्यवस्था उभी राहिली म्हणून. स्वर्ग आणि नरक यांच्या मधल्या शुद्धिस्थळाची कल्पना हळूहळू पक्की होत गेली आणि १२७४ च्या लिआँच्या धर्मपरिषदेत तिला अधिकृत रूप मिळाले. बहुतेक माणसे थेट स्वर्गात जाण्याइतकी चांगली नसतात आणि नरकात जाण्याइतकी वाईटही नसतात. त्यांना मध्ये काही काळ शुद्ध व्हावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेने तो काळ सुसह्य होतो. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस सर्व मृतांसाठी २ नोव्हेंबर हा दिवस ठरवला. वसईत आणि गोव्यात आजही त्या दिवशी कबरी धुतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. मृतांसाठीच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, सुरुवात चिरविश्रांतीच्या मागण्याने होई. लॅटिनमध्ये त्या मागण्याचा पहिला शब्द ‘रिक्विएम’; मोत्सार्टच्या रचनेमुळे संगीताच्या रसिकांना तो परिचित आहे. एरवी मिस्सा संपली की पुरोहित लोकांना निरोप देई. मृतांच्या मिस्सेत निरोपाच्या जागी तो ‘रेक्विएस्कांत इन पाचे’ म्हणे, म्हणजे ‘ते शांतीत विसावोत’. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही हे तीन शब्द पाठ असत, कारण गावातल्या प्रत्येक मरणाला ते कानी पडत. दगडावर त्यांची नुसती आद्याक्षरे पुरली ती त्यामुळेच. वाचणारा डोळ्यांनी तीन अक्षरे पाहायचा आणि उरलेले मनात आपोआप उमटायचे.

युरोपात सगळीकडे हेच वाक्य होते, असे मात्र नाही. आयर्लंडमधल्या क्लॉनमॅकनॉइस मठात आठव्या शतकापासूनच्या क्रूस कोरलेल्या शिळा आहेत. त्यांवर आयरिश भाषेत थोडक्यात ‘अमक्यासाठी प्रार्थना’ एवढेच असते. इंग्लंडमधल्या चर्चच्या जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर लॅटिनमध्ये आरंभ असे ‘याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ आणि शेवट ‘देव याच्या आत्म्यावर कृपा करो’. इथे दगड वाचणाऱ्याला कामाला लावतो. रोमन थडगे वाटसरूला थांब म्हणत होते. हे थडगे त्याला थांबवून हात जोडायला सांगते. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेली रीत याहून वेगळी. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या फरशीतल्या थडग्यांवर पुष्कळदा इतकेच आढळते : ही अमक्याची आणि त्याच्या वारसांची कबर. लेखाचा सूर दस्तऐवजाचा आहे. जागा कोणाच्या नावावर, ते आधी नक्की करायचे. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमधल्या अशा लेखांची नोंद मूळच्या गोव्याच्या जोझे गेर्सन द कुन्या या मुंबईतल्या डॉक्टरने १८७६ साली छापलेल्या आपल्या चौल-वसईवरच्या ग्रंथात करून ठेवली आहे.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घातला. शुद्धिस्थळाला बायबलचा आधार नाही, तेव्हा मृतांसाठी मागण्यासारखे काही उरतच नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात पैशाचाही मुद्दा होता. मिस्सा म्हणवून घेण्यासाठी श्रीमंतांनी जमिनी लावून दिल्या होत्या. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने त्या सरकारजमा झाल्या. १५५२ च्या प्रार्थनापुस्तकातून मृतांसाठीची प्रार्थना वगळण्यात आली. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४३-४४ मध्ये, विल्यम डाऊसिंग नावाचा माणूस पार्लमेंटच्या हुकमाने केंब्रिजशर आणि सफक परगण्यांतली चर्चे ‘साफ’ करत हिंडला आणि आज कुठे काय फोडले, याची रोजनिशी त्याने ठेवली. मूर्ती आणि रंगीत काचा यांच्याबरोबर त्याने पितळी पत्रेही सोडले नाहीत. प्रार्थनेचे आवाहन असलेले लेख तो उचकटून काढी. इतर अनेक ठिकाणी लोकांनी अधिक सौम्य मार्ग काढला. त्या पत्र्यांवर आज नाव वाचता येते, तारीख वाचता येते, बायकोचे नाव आणि मुलांची संख्याही वाचता येते. फक्त आरंभीचे आणि शेवटचे काही शब्द तासून गुळगुळीत केलेले असतात. माणसावर कोणाचा राग नव्हता. त्याच्यासाठी कोणी काही मागावे, एवढेच नामंजूर होते.

मागणे गेल्यावर प्रोटेस्टंट थडग्यावर लिहायचे काय? दोन-अडीच शतके याची उत्तरे शोधण्यात गेली. एक उत्तर : नुसते ‘येथे अमक्याचा देह आहे’. दुसरे : वाचणाऱ्याला दम. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन थडग्यांवर पंख फुटलेली कवटी कोरत. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसेन या दोन पुरातत्त्वज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की कवटीची जागा पुढे पंखवाल्या गुबगुबीत चेहऱ्याने घेतली आणि त्यानंतर अस्थिकलश आणि विलोचे झाड आले. धर्मशास्त्राचा काटा जसा भीतीकडून आशेकडे सरकला, तशी पाथरवटाची छिन्नीही सरकली. तिसरे उत्तर होते स्तुती. मुंबईच्या फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये गेले की हा प्रकार भिंतीभर दिसतो. १८११ साली वारलेला मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या संगमरवरी स्मारकावर दोन मुलांच्या हातांत एक पट्टी आहे आणि बनारस व काठियावाडातली बालहत्या बंद झाल्याचे त्या पट्टीवर कोरले आहे. डंकनच्या आत्म्यासाठी कोणी काही मागत नाही. त्याने काय केले, ते मांडून ठेवले आहे. देवाने आणि लोकांनी ते वाचून घ्यावे.

या काळात ‘आर. आय. पी.’ कॅथलिकांपाशी राहिले आणि त्यांची ओळखखूण बनले. आयर्लंडमध्ये किंवा उत्तर इंग्लंडमध्ये दगडावर ही अक्षरे दिसली की घराणे कुठल्या पंथाचे, ते कळे. अशी ओळख महागात पडू शकते, हे आइल ऑफ वाइट बेटावरच्या एका खटल्यात दिसले. तिथल्या कॅरिसब्रूक गावच्या चर्चच्या आवारात मेरी वुलफ्री या कॅथलिक बाईने नवऱ्याच्या, जोसेफच्या, थडग्यावर त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, असे कोरून घेतले. गावचे पाद्री जॉन ब्रीक्स यांना हे सहन झाले नाही. हे चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणुकीविरुद्ध आहे, असे म्हणून ते धर्मन्यायालयात गेले. १८३८ साली न्यायाधीश सर हर्बर्ट जेनर यांनी निकाल दिला तो पाद्रीबुवांच्या विरुद्ध. चर्चने मृतांसाठीच्या प्रार्थनेला उत्तेजन दिलेले नाही हे खरे, पण तिला स्पष्ट मनाई केल्याचेही कुठे दिसत नाही, असे त्यांनी म्हटले. दगड जागच्या जागी राहिला. सुधारणेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी इंग्रजी कायद्याने थडग्यावरच्या मागण्याला असा आडून होकार दिला.

निकालापेक्षाही मोठे काम केले ते जागेने. शहरे फुगली, चर्चची आवारे भरली, रोगराईची भीती वाढली. पॅरिसमध्ये १८०४ साली पेर लाशेझ, लंडनमध्ये १८३३ साली केन्सल ग्रीन अशा शहराबाहेरच्या विस्तीर्ण दफनभूमी निघाल्या. मुंबईत १८६० च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने शिवडीचे ख्रिस्ती कबरस्तान आले. विक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे आहेत, लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा तिथे आहेत, कवी डॉम मोराइस तिथे आहेत. चर्चच्या आवारात काय कोरायचे, यावर पाद्र्याचा शब्द चाले. अशा सार्वजनिक जागेत तो सैल पडला. निवड घरच्यांच्या आणि पाथरवटाच्या हाती आली. पाथरवटाकडे नमुन्यांची वही असते. तिच्यातून लोक निवडतात ते शेजारच्या थडग्यावर पाहिलेले. त्याच सुमारास शिशाची अक्षरे ठोकून बसवण्याची पद्धत फोफावली. दगडात बारीक भोके पाडायची, त्यांत शिसे ठोकायचे आणि वरून अक्षराच्या आकारात साफ करायचे. कालांतराने शिसे निखळते, तेव्हा मागे भोकांची रांग राहते आणि सरावलेल्या माणसाला त्या भोकांवरूनही अक्षर लावता येते. प्रत्येक अक्षराला मजुरी पडत असताना तीन अक्षरांत सारे सांगणारे वाक्य कोणाला नको असेल? भरीत भर म्हणजे, हीच तीन आद्याक्षरे लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये आणि इंग्रजीतही जशीच्या तशी जुळतात. कॅथलिकाला त्यांत जुनी प्रार्थना ऐकू येई. प्रोटेस्टंटाला इंग्रजीतले एक साधे, सात्त्विक वाक्य.

उरलासुरला संकोच पहिल्या महायुद्धाने पुसला. लाखो तरुण परदेशात मेले आणि त्यांचे देह घरी आणायचे नाहीत, असे ठरले. घरोघरी लोकांना त्यांच्यासाठी काही तरी मागावेसे वाटू लागले आणि शुद्धिस्थळाचा जुना वाद त्यांच्यापुढे टिकेना. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या दफनभूमींची जबाबदारी घेतलेल्या आयोगाने सगळ्यांना एकाच आकाराचा दगड दिला, मग तो सेनापती असो की शिपाई. तळाशी घरच्यांना आपली एक ओळ घालता येई. मर्यादा ६६ अक्षरांची, आणि शब्दांमधली मोकळी जागाही त्यात धरली जाई. दर अक्षराला साडेतीन पेन्स आकारायचे ठरले, पुढे ते ऐच्छिक झाले. न्यूझीलंडने मात्र आपल्या सैनिकांसाठी ही ओळच नाकारली. सगळे समान तर सगळेच समान. ज्यांनी ओळ घेतली त्यांच्यात विसाव्याची आणि शांतीची ओळ फार लोकप्रिय ठरली, आणि ती घेताना पंथ आड आला नाही. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मारक दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दगडांच्या रांगा आहेत. तिथे प्रत्येक दगडाचा तळ वाचत गेले, की आईवडिलांनी मोजून-मापून लिहिलेली ही ओळ किती तऱ्हांनी येते, ते दिसते.

वाद मिटला असे मात्र समजू नये. २०१७ साली उत्तर आयर्लंडमध्ये एका प्रोटेस्टंट संस्थेच्या पदाधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले की प्रोटेस्टंटांनी समाजमाध्यमांवर ‘आर. आय. पी.’ लिहू नये, कारण ती मृतांसाठीची प्रार्थना आहे. पुष्कळांना हे हास्यास्पद वाटले. पण हा इतिहास वाचलेल्या माणसाला त्यात डाऊसिंगच्या छिन्नीचा आवाज ऐकू येईल. आपल्याकडेही हा प्रकार अनोळखी नाही. एखाद्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ‘आर. आय. पी.’ टाकले, की दुसरा त्याला सुनावतो : हे आपले नाही, ‘ॐ शांती’ म्हणा किंवा ‘सद्गती लाभो’ म्हणा. त्याच्या सांगण्यात तथ्य आहे. सद्गतीच्या कल्पनेत मृत पुढे निघालेला असतो. त्याची वाट चांगली असावी, एवढे आपण मागतो. ख्रिस्ती विसाव्याच्या कल्पनेत तो पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत थांबलेला असतो. मराठी ख्रिस्ती मंडळींनी या दोहोंमध्ये स्वतःचा एक शब्द घडवला. कैलासवासी आणि वैकुंठवासी यांच्या पंगतीत त्यांनी ‘ख्रिस्तवासी’ बसवला आणि तो निखळ ग्वाहीचा शब्द आहे. अनंत चतुर्दशीच्या फ्लेक्सएवढ्याच आकाराच्या चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर मात्र शांती, सद्गती आणि चिरविश्रांती एकाच ओळीत सुखाने नांदतात. तत्त्वज्ञानाची ती सरमिसळ लिसिनिया अमियासच्या घरच्यांनाही खटकली नसती.

एक बदल मात्र खरोखर नवा आहे. रोमन थडगे वाटसरूशी बोलत होते. मध्ययुगातले थडगे देवाशी बोलत होते आणि वाचणाऱ्याला त्याच कामाला लावत होते. अठराव्या शतकातले स्तुतीचे थडगे समाजाशी बोलत होते. आज आपण ही तीन अक्षरे लिहितो, तेव्हा थेट मृतालाच लिहितो : मित्रा, शांत विसाव. इंग्रजी वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे ते आज्ञार्थीही वाचता येते. देव मधून गेला, तरी वाक्य उभे राहिले. नास्तिक माणूस ते लिहू शकतो, आणि पाळीव कुत्रा गेल्यावरही लोक ते लिहितात. याला ऱ्हास म्हणायचे तर म्हणावे. मला त्यात ऑगस्टिनचे म्हणणे खरे ठरलेले दिसते. मृताचे काय होते, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. आपण काही तरी म्हणायला हवे, यावर मात्र सगळ्यांचे होते.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. पुढची प्रकरणे काळाच्या क्रमाने न लावता लेख कोणाला उद्देशून आहे, त्यानुसार लावली आहेत : वाटसरूला उद्देशून, देवाला उद्देशून, समाजाला उद्देशून आणि मृताला उद्देशून. त्यामुळे रोमन शिळेशेजारी शिवडीचा दगड आणि आयरिश क्रूसाशेजारी कोकणातली बेने इस्रायली कबर आली, तर ती चूक समजू नये. विनोदी थडगेलेखांना मी बहुतांशी बाहेर ठेवले आहे. त्यांतले पुष्कळसे फक्त संग्रहांत आणि मासिकांत जन्मले. ते कोरलेला दगड कुठेच नाही. उलट कोपरे झिजलेले, अर्धे वाचता येणारे, साध्या माणसांचे दगड मुद्दाम घेतले आहेत, कारण रिवाज कसा चालतो, हे त्यांच्यावरूनच कळते. जिथे अक्षर तासलेले आहे तिथे ते कोणी आणि का तासले असावे, इकडे वाचकाने लक्ष द्यावे; गेलेल्या शब्दाने पुष्कळदा राहिलेल्या शब्दापेक्षा जास्त सांगितले आहे. वाचकाने दगडांपाशी आपापले मत बनवावे. मागणे आणि ग्वाही यांत निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तावनाकाराला नाही. पहिले प्रकरण रोमच्या वेशीबाहेर, व्हिया आप्पियावर सुरू होते.